समुद्राला उतार असतो

दिवाळी सरली की कोकणच्या समुद्रावर वारा उत्तरेकडून, वायव्येकडून यायला लागतो. पुढचे तीन-साडेतीन महिने तो पाण्याला दक्षिणेकडे ढकलत असतो. आणि नेमक्या याच महिन्यांत, किनाऱ्यालगतची उथळ पट्टी संपून समुद्र खोल व्हायला लागतो त्या भागात पाणी उलट चाललेलं असतं. केरळकडून गोव्याकडे, गोव्याकडून रत्नागिरी-मुंबईकडे आणि पुढे गुजरातकडे. वाऱ्याच्या थेट तोंडावर.

हा कुठल्या एका खाडीच्या मुखाशी घडणारा चमत्कार नाही, पश्चिम किनाऱ्याच्या लांबीएवढा प्रवाह आहे. १९८७ च्या डिसेंबरात आणि त्याला लागून आलेल्या जानेवारीत गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जहाजातून या सगळ्या पट्ट्यात तापमान आणि खारटपणा मोजला. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलेला प्रवाह दक्षिणेत रुंद आणि उथळ होता, उत्तरेकडे जाताना अरुंद आणि खोल होत गेला होता. त्यातलं पाणी अरबी समुद्राच्या मानाने कमी खारट होतं. म्हणजे ते इथलं नव्हतंच. वारा त्याला मागे ढकलत असताना ते पुढे कसं येतं, हे कोडं मात्र किनाऱ्यावर उभं राहून किंवा एखाद-दुसरं जहाज फिरवून सुटण्यासारखं नव्हतं. त्यासाठी सगळा हिंदी महासागर एकदम बघावा लागणार होता.

शाळेच्या नकाशात लाल-निळ्या बाणांनी दाखवलेले सागरी प्रवाह आपण सगळ्यांनीच पाठ केलेत. ते बाण आले कुठून, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही. त्यातले बरेचसे आले खलाशांच्या चुकांमधून. जुन्या काळी कप्तान जहाजाची दिशा आणि वेग धरून हिशेब मांडायचा, की उद्या दुपारी आपण अमुक ठिकाणी असू. दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्याचा वेध घेतला की कळायचं, आपण तिथे नाही, वीस मैल बाजूला आहोत. ही वीस मैलांची चूक म्हणजे पाण्याने दिलेली ओढ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू मॉरी यांनी अशा नोंदवह्या गोळा करून त्यांतून वारे आणि प्रवाहांचे तक्ते काढले. पुढे लाखो नोंदींची महिनावार सरासरी काढली गेली आणि बाण पक्के झाले.

सरासरीतून बाण मिळतो, पण त्या बाणाखाली रोज काय चाललंय ते पुसलं जातं. १९५९-६० मध्ये जॉन स्वॉलो या ब्रिटिश शास्त्रज्ञाने अटलांटिकमध्ये बर्म्युडाजवळ, पाण्यात ठरावीक खोलीवर तरंगत राहणाऱ्या आणि आवाज करून आपला ठावठिकाणा सांगणाऱ्या नळ्या सोडल्या. त्या खोलीवर पाणी संथपणे एका दिशेला सरकत असेल अशी अपेक्षा होती. नळ्या मात्र अपेक्षेच्या दहापट वेगाने आणि भलत्याच दिशांना गेल्या. दोन नळ्यांचंही एकमेकींशी जमेना. पुढच्या पंधरा वर्षांत सोव्हिएत आणि अमेरिकी मोहिमांनी त्याचा अर्थ लावला: समुद्र शंभर-दोनशे किलोमीटर व्यासाच्या भोवऱ्यांनी भरलेला आहे. आकाशात जसं हवामान असतं तसं समुद्रालाही ते आहे. फक्त तिथलं वादळ दोन दिवसांत विरत नाही, ते महिनोन् महिने टिकतं.

मग एवढ्या मोठ्या, सतत बदलत्या पाण्यावर नजर ठेवायची कशी? जहाजं पुरणार नाहीत, तरंगत्या नळ्याही पुरणार नाहीत. इथे उपयोगी पडली समुद्राची एक खोड, जी समुद्रविज्ञानाला शंभर वर्षांपासून माहीत होती. समुद्र सपाट नसतो. आणि त्याचा उतार मोजला की प्रवाह मोजल्यासारखाच असतो.

हे थोडं सावकाश बघायला हवं, कारण सगळी गंमत इथेच आहे. एका बाजूला पाणी उंच आणि दुसऱ्या बाजूला सखल असेल तर ते उतारावरून खाली धावेल, असं कुणालाही वाटेल. पृथ्वी फिरत नसती तर तसंच झालं असतं. पण पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात चालतं पाणी सतत उजवीकडे ओढलं जातं. उतारावरून निघालेलं पाणी वळत वळत शेवटी अशा अवस्थेला येतं, की उतार त्याला डावीकडे खेचतोय आणि पृथ्वीचं फिरणं उजवीकडे. दोन्ही ओढी बरोबरीला आल्या की पाणी उतारावरून खाली न येता उताराला आडवं, एकाच उंचीवरून वाहत राहतं. प्रवाहाच्या दिशेकडे तोंड करून उभं राहिलात तर उंच पाणी तुमच्या उजव्या हाताला.

हा उतार किती असतो? गोव्याच्या अक्षांशावर शंभर किलोमीटरमागे पाणी फक्त दहा सेंटिमीटरने चढलं, तर तिथला प्रवाह सेकंदाला साधारण पाव मीटर भरतो. म्हणजे दिवसाला वीस-बावीस किलोमीटर. अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीमसारख्या बलाढ्य प्रवाहाला ओलांडतानाही पाण्याची उंची जेमतेम मीटरभर बदलते. जहाजाच्या डेकवरून असा उतार कधी कुणाला दिसला नाही आणि दिसणारही नाही. त्यावर दोन-तीन मीटरच्या लाटा नाचत असतात, रोज दोनदा भरती येते. या सगळ्या गोंधळाखाली शंभर किलोमीटरमागे दहा सेंटिमीटर ओळखायचे.

ते ओळखलं उपग्रहाने. १९७८ साली नासाने सीसॅट नावाचा उपग्रह सोडला. तो सव्वातीन-साडेतीन महिनेच चालला आणि विजेचा पुरवठा बिघडून बंद पडला, पण समुद्राची उंची वरून मोजता येते हे त्याने दाखवून दिलं. मग १० ऑगस्ट १९९२ ला अमेरिका आणि फ्रान्सने मिळून टोपेक्स/पोसायडन सोडला, आणि समुद्रविज्ञानाच्या इतिहासाचे सरळ दोन भाग पडले, असं मी म्हणेन. त्याची कक्षा १,३३६ किलोमीटर उंचीवर होती. तिथून तो रडारचा स्पंद खाली सोडायचा, स्पंद पाण्यावर आपटून परत यायचा आणि जाण्या-येण्याला किती वेळ लागला यावरून अंतर काढलं जायचं. एक सेंटिमीटर नेमकेपणाने अंतर हवं असेल तर वेळ सेकंदाच्या दीड हजार कोटीव्या हिश्शापर्यंत मोजायला हवा. मुंबई-दिल्ली रस्त्याएवढं अंतर मोजायचं आणि चूक बोटाच्या एखाद्या पेराएवढीच ठेवायची, असा हा मामला.

एक स्पंद परत येतो तेव्हा तो आणखीही काही सांगतो. लाटांचे माथे आधी लागतात, खळगे नंतर, त्यामुळे परतलेला प्रतिध्वनी एकदम उसळत नाही, चढत चढत येतो. समुद्र जितका खवळलेला तितका हा चढ तिरका. म्हणजे लाटांची उंची फुकटात मिळाली. सेकंदाला हजारो स्पंद जातात, त्यांची सरासरी निघते आणि उपग्रहाची सावली पाण्यावरून सहा किलोमीटर सरकेपर्यंत त्या पट्टीच्या उंचीचा एक चांगला आकडा हातात येतो.

पण तो आकडा तसाच वापरला तर सगळं फसेल. वाटेतली कोरडी हवा स्पंदाला इतकं रेंगाळायला लावते, की समुद्र सव्वादोन मीटर खाली गेल्यासारखा भासतो. हवेतली वाफ त्यात काही सेंटिमीटरपासून चाळीसेक सेंटिमीटरपर्यंत भर घालते. पावसाळ्यात अरबी समुद्रावर ही भर चांगलीच. म्हणून वाफ मोजणारं वेगळं यंत्र त्याच उपग्रहावर बसवतात. त्या हवेच्याही वरचा विद्युतभारित थर वेगवेगळ्या लहरींना वेगवेगळं अडवतो, तेव्हा दोन निरनिराळ्या वारंवारतांचे स्पंद सोडून त्याचा हिशेब लावतात. लाटांचे खळगे माथ्यांपेक्षा जास्त चांगलं परावर्तन करतात, त्यामुळे समुद्र आहे त्यापेक्षा थोडा खाली दिसतो, तीही दुरुस्ती. हवेचा दाब एका मिलिबारने उतरला की पाणी सेंटिमीटरभर वर येतं; ते वजा. आणि उपग्रह त्या क्षणी नेमका कुठे आहे हे माहीत नसेल तर हे सगळंच फुकट, म्हणून जमिनीवरून लेसर मारून आणि रेडिओ संकेतांनी त्याची जागाही सेंटिमीटरांत पक्की करायची. शोधायचा संकेत दहा सेंटिमीटरचा, आणि त्यासाठी काढून टाकायच्या चुका मीटरांत. हे शेवटी जमलं, याचंच मला अजून नवल वाटतं.

एक अडचण मात्र कुठल्याच यंत्राने सुटेना. भारताच्या दक्षिणेला, श्रीलंकेपलीकडे, समुद्राचा पृष्ठभाग पृथ्वीच्या आदर्श घडणीपेक्षा तब्बल १०६ मीटर खाली आहे. जगातला हा सगळ्यात खोल खळगा. तिथे पृथ्वीच्या पोटात वस्तुमान कमी असल्यामुळे गुरुत्वाकर्षण किंचित कमी पडतं आणि पाणी आजूबाजूच्या जास्त ओढीकडे सरकतं. शंभर मीटरचा खळगा, आणि त्यातून जाणाऱ्या जहाजावर कुणाला पत्ताही लागत नाही. प्रवाहाच्या दृष्टीने तो उतारही नाही, कारण तिथली ‘खाली’ ही दिशाच त्या पृष्ठभागाला काटकोनात आहे. असे चढ-खळगे सगळ्याच महासागरात आहेत. या शंभर मीटरच्या भूगोलावर प्रवाहाचे दहा सेंटिमीटर बसलेले. मूळ भूगोल नेमका माहीत नसेल तर ते वेगळे कसे काढणार?

त्यावर काढलेली तोड साधी होती. गुरुत्वाकर्षणाचे खळगे आपल्या आयुष्यात हलत नाहीत. प्रवाह हलतात. टोपेक्स/पोसायडनची कक्षा अशी आखली होती, की १२७ प्रदक्षिणा झाल्या की तो दहा दिवसांपेक्षा थोडा कमी वेळ घेऊन पुन्हा त्याच रेषेवर, किलोमीटरभराच्या फरकाने, येई. एकाच जागेची उंची वर्षानुवर्षं दर दहा दिवसांनी. तिची सरासरी काढली आणि रोजच्या आकड्यातून वजा केली की न हलणारं सगळं निघून गेलं, उरला तो निव्वळ बदल. कायमचा, सरासरी प्रवाहही त्यात गेला खरा. तो पुढे गुरुत्व मोजणाऱ्या ग्रेस आणि गोचे या उपग्रहांनी बऱ्याच अंशी परत मिळवून दिला. पण उपग्रहाचं पहिलं आणि सगळ्यात लखलखीत यश प्रवाहांच्या बदलत्या स्वभावाचं होतं. नकाशातले बाण जे पुसून टाकत होते, तेच आता पहिल्यांदा दिसायला लागलं.

यात भरतीने घातलेला घोळ सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण आपल्या किनाऱ्याशी त्याचा थेट संबंध आहे. चंद्राची मुख्य भरती १२ तास २५ मिनिटांनी येते. उपग्रह येतो दर ९.९ दिवसांनी. तेवढ्यात भरतीची १९ आवर्तनं पुरी होतात आणि वर साधारण एक षष्ठांश उरतं. म्हणजे प्रत्येक खेपेला उपग्रहाला भरती एक षष्ठांश पुढे गेलेली दिसते, आणि सहा-सव्वासहा खेपांनी, ६२ दिवसांनी, ती मूळ जागी येते. रोज दोनदा येणारी भरती उपग्रहाच्या नोंदीत दोन महिन्यांची संथ लाट बनून बसते! मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं, खंबातच्या आखातात त्याच्या दुप्पट. त्यातले एक-दोन टक्के जरी नीट वजा व्हायचे राहिले, तरी नसलेला प्रवाह कागदावर उमटतो. म्हणून भरतीचं गणित आधी सुधारावं लागलं, आणि ते सुधारायलाही याच उपग्रहाच्या नोंदी वापरल्या. सूर्याच्या भरतीचा धोका आणखी वाईट: रोज ठरावीक घटकेलाच एका जागेवरून जाणाऱ्या उपग्रहाला ती कायम एकाच अवस्थेत दिसते, म्हणजे ती बदलतेय हेच कळत नाही. टोपेक्स/पोसायडनची कक्षा मुद्दाम तशी ठेवली नाही, त्याचं एक कारण हे.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची उंची नोंदवली जाते. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. पण ती एका बिंदूची. बिंदूवर पाणी चढलं-उतरलं ते कळेल. ते कुठून आलं आणि कुठे गेलं ते कळण्यासाठी चित्र लागतं. दर दहा दिवसांनी चित्र मिळायला लागलं तेव्हा पहिल्या तीनच वर्षांत अमेरिकेतल्या डडली शेल्टन आणि मायकेल श्लॅक्स यांना महासागर ओलांडून पश्चिमेकडे सरकणाऱ्या उंचवट्यांच्या आणि खळग्यांच्या रांगा दिसल्या. १९३९ साली कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी गणिताने सांगितलेल्या या लाटा. उंची पाच-दहा सेंटिमीटर, लांबी शेकडो किलोमीटर, महासागर ओलांडायला महिने, कधी वर्षं. त्या बऱ्याच ठिकाणी गणितापेक्षा जास्त वेगाने जात होत्या, तेव्हा गणितच दुरुस्त करावं लागलं. पुढे नोंदी वाढल्या तेव्हा लक्षात आलं, की यातल्या अनेक रांगा म्हणजे खरं तर सुटे भोवरे आहेत. सोळा वर्षांच्या नोंदींत, सोळा आठवड्यांहून जास्त जगलेले पस्तीस हजारांवर भोवरे त्यांनी एक एक करून मोजले.

आता आपल्या कोड्याकडे. हिवाळ्यात पाणी उत्तरेकडे जातंय, म्हणजे उजव्या हाताला, किनाऱ्याकडे, ते उंच असायला हवं. उपग्रहाच्या नोंदीत ते तसंच दिसतं: नोव्हेंबरपासून पश्चिम किनाऱ्याला बिलगून पाणी चढतं, पावसाळ्यात उतरतं. पण चित्र मागे मागे नेत गेलं की ही चढती कड इथे सुरू होत नाही. ती दक्षिण टोकाकडून आलेली असते, त्याआधी श्रीलंकेला वळसा घालून, आणि त्याच्याही आधी बंगालच्या उपसागरातून, भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून.

किनाऱ्याला धरून जाणाऱ्या अशा लाटेला केल्विन लाट म्हणतात. उत्तर गोलार्धात ती किनारा उजव्या हाताला ठेवूनच जाऊ शकते, उलट नाही. नकाशावर बोट फिरवून बघा. विषुववृत्तावरून वसंतात आणि शरदात पूर्वेकडे एक जोरकस प्रवाह धावतो. १९७३ मध्ये क्लाउस वीर्टकी यांनी तो ओळखला, आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं. त्याच्यासोबत येणारी लाट सुमात्राला धडकते आणि तिचा एक फाटा उत्तरेला वळतो. किनारा उजवीकडे. म्यानमार, उपसागराचा माथा, मग ओडिशा, आंध्र, तामिळनाडू असा खाली, किनारा उजवीकडेच. श्रीलंकेला वळसा, आणि केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण असा वर. किनारा अजूनही उजवीकडे. ही लाट दिवसाला दोनशेच्या आसपास किलोमीटर जाते. सुमात्रापासून गोव्यापर्यंतचा सहा-साडेसहा हजार किलोमीटरचा हा फेरा महिना-सव्वा महिन्यात पुरा होतो. तिच्यात पाणी तेवढं जात नाही, बातमी जाते.

हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावर ईशान्येचा वारा वाहतो आणि तिथला प्रवाह दक्षिणेकडे वळतो. तिथे किनाऱ्याशी चढलेलं पाणी लाटेच्या रूपाने श्रीलंकेला वळसा घालून आपल्या बाजूला येतं, आणि आपल्याकडचा वारा कितीही उलटा असो, त्याला पुरून उरतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९७ मध्ये गणिती प्रतिमानातून हे मांडलं. आपल्या किनाऱ्यावरचं पाणी कुठे जाणार हे ठरवणारा वारा आपल्या किनाऱ्यावर वाहतच नाही, तो चेन्नई-विशाखापट्टणमकडे वाहतो! हे वाचलं तेव्हा मी नकाशा उघडून पुन्हा एकदा बोट फिरवलं होतं.

लाटेसोबत थोडं प्रत्यक्ष पाणीही येतं. पावसाळ्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी यांनी उपसागरात ओतलेलं गोडं पाणी पूर्व किनाऱ्याने खाली उतरून श्रीलंकेला वळतं आणि अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात शिरतं. शेट्ये यांना दिसलेलं कमी खारट पाणी ते हेच. त्र्यंबकेश्वरला पडलेला पाऊस अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत पडतो, पण गोदावरीतून तो उपसागरात जातो. त्यातला काही अंश पुढे असा अर्धा भारत फिरून पश्चिमेला येत असणार.

केरळ आणि लक्षद्वीपच्या मधे ही लाट किनारा सोडून अंशतः खुल्या समुद्रात सुटते. तिथे रॉस्बीच्या लाटा होऊन ती दिवसाला दहा-वीस किलोमीटर या संथ चालीने पश्चिमेकडे निघते. त्यातून हिवाळ्यात लक्षद्वीपच्या आसपास पाण्याचा एक गोल उंचवटा तयार होतो, त्याला शास्त्रज्ञ ‘लक्षद्वीप हाय’ म्हणतात. पावसाळ्यात तिथेच खळगा होतो. उंचवटा फार तर दहा-पंधरा-वीस सेंटिमीटर, रुंदी शेकडो किलोमीटर. कमी खारट, म्हणून हलक्या पाण्याचा पातळ थर या कोपऱ्यात वरच्या वर राहतो, खालच्या गार पाण्याशी मिसळत नाही, आणि एप्रिल-मे येईतो तो तीस अंशांच्या वर तापतो. मोसमी पाऊस केरळच्या दारात येण्याआधी त्या समुद्रात ही ऊब जमलेली असते.

वरचे दहा सेंटिमीटर खाली काय करतात, हे आणखी चकित करणारं आहे. समुद्रात वर कोमट, हलकं पाणी असतं आणि खाली थंड, जड. त्यांच्यामधली सीमा म्हणजे थर्मोक्लाइन. दोन्हींच्या घनतेत फरक फारच थोडा, त्यामुळे वरचा पृष्ठभाग जेवढा चढतो त्याच्या दोनशे-तीनशे पट ही सीमा खाली दबते. वर दहा सेंटिमीटर चढलं तर खाली वीस-तीस मीटर दबलं. रडारचा स्पंद पाण्यात शिरत नाही, पण पृष्ठभागाच्या उंचीवरून पोटातली हालचाल वाचता येते. ती ताडून पाहायला पाण्यात बुडी मारून वर येणारे हजारो आर्गो तरंगक जगभर सोडलेले आहेत. टोपेक्सनंतरच्या उपग्रहांचं नाव जेसन, म्हणून त्यांच्या जोडीच्या या तरंगकांना ग्रीक कथेतल्या जेसनच्या जहाजाचं, आर्गो हे नाव मिळालं.

पश्चिम किनाऱ्यावर थर्मोक्लाइनचं हे वरखाली होणं मासळीच्या जिवावर बेततं. पावसाळ्यात ती सीमा वर येते आणि तिच्याबरोबर खालचं थंड, पोषक, पण प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ पट्टीवर चढतं. पोषणामुळे मासळीची चंगळ होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र हेच पाणी तळाशी कोंडून राहतं आणि प्राणवायू आणखी घटतो. १९९९ साली गोव्याजवळच्या उथळ समुद्रात तळाशी प्राणवायू पार संपून हायड्रोजन सल्फाइड तयार झाल्याचं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांना आढळलं. गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून संस्थेचे शास्त्रज्ञ ठरावीक जागी जाऊन पाणी तपासत आलेत. प्रत्येक वर्षी पाळी इतकी वाईट येत नाही. का? २०१७ मध्ये भारतीय आणि फ्रेंच संशोधकांनी १९६० ते २०१२ या काळाच्या प्रतिमानातून उत्तर दिलं: हिंदी महासागर द्विध्रुव धन असतो, म्हणजे महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा गरम आणि पूर्व बाजू गार असते, त्या शरदात भारताच्या दक्षिण टोकाजवळ पूर्वेचा वारा वाढतो, त्याने उठलेली केल्विन लाट पश्चिम किनाऱ्याने वर येते, थर्मोक्लाइनला खाली दाबते आणि प्राणवायू संपायची वेळ टळते.

ऋतूंपुरतंच हे नाही. २००९ मध्ये भारतीय-फ्रेंच गटाने गोव्यासमोर समुद्रात दोराने बांधलेल्या प्रवाहमापकाची आणि उपग्रहाची नोंद शेजारी ठेवून पाहिली. इथे एक-दोन-तीन महिन्यांच्या अंतराने उलटसुलट होणाऱ्या प्रवाहाचा काही भाग थेट विषुववृत्तावरून येत होता. तिथे मॅडन-ज्युलियन आंदोलन नावाचा ढगांचा आणि वाऱ्याचा पट्टा पूर्वेकडे सरकत असतो, आणि त्याची चाहूल उपसागराच्या कडेकडेने गोव्यापर्यंत पोचते. पश्चिम किनाऱ्यावर पुढे बांधलेल्या अशा मापकांनी दाखवलं, की या अल्पकाळाच्या हेलकाव्यांपुढे पुष्कळदा ऋतूचा प्रवाहच झाकला जातो. डिसेंबरातला उत्तरेचा बाण काही आठवडे चक्क दक्षिणेला असू शकतो.

किनाऱ्याला अगदी लागून मात्र उपग्रह आंधळा होतो. स्पंदाचा पाण्यावर पडणारा डाग काही किलोमीटरचा, त्यात जमीन आली की प्रतिध्वनी बिघडतो. २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या पीएसएलव्हीने सोडलेल्या भारत-फ्रान्सच्या ‘सरल’ने हा डाग लहान केला. त्यावरचं अल्टिका हे यंत्र जास्त वारंवारतेवर चालायचं, त्यामुळे विद्युतभारित थराचा त्रास जवळपास गेला आणि किनाऱ्याच्या जवळचं वाचता आलं. जोराच्या पावसात मात्र त्याचा स्पंद अडायचा.

इतके दिवस हे सगळे उपग्रह पायाखालची एक रेषाच मोजत होते. टोपेक्सच्या दोन शेजारी रेषांत विषुववृत्तावर ३१५ किलोमीटरचं अंतर. मधलं सगळं अंदाजाने भरायचं. १६ डिसेंबर २०२२ ला सुटलेल्या स्वॉट या उपग्रहावर दहा मीटर अंतरावर दोन अँटेना आहेत आणि तो दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास किलोमीटरची पट्टी एकदम रंगवतो. त्यात आजवर न दिसलेले, दहा-वीस किलोमीटरचे भोवरे दिसतायत, आणि त्यांच्यासोबत एक नवी पंचाईतही. इतक्या बारकाव्यात प्रत्येक उतार म्हणजे प्रवाह, हा नियम ढिला पडतो. भरतीचं पाणी समुद्रतळावरच्या डोंगरांवर आपटून पोटात लाटा उठवतं, अंदमानच्या समुद्रात तर त्या शेकडो फूट उंच असतात, आणि वरच्या पृष्ठभागावर त्यांचाही सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा ठसा उमटतो. तो दिसतो भोवऱ्यासारखा, पण काही तासांत निघून जातो. स्वॉट मात्र त्याच जागी परत येतो २१ दिवसांनी. एकाच चित्रातले हे दोन प्रकारचे उतार वेगळे कसे काढायचे, यावर सध्या जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ डोकं लढवतायत.